सारागोसाच्या देलिसिआस वस्तीत बिऱ्हाड करताना: कुटुंबासह येणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

हा लेख एकाच पगारावर, लहान मुलांना घेऊन स्पेनमध्ये येणाऱ्या घरांसाठी आहे. माद्रिद आणि बार्सेलोनाबद्दल माहिती पुष्कळ मिळते. सारागोसाबद्दल मराठीत जवळजवळ काहीच नाही, आणि पुणे, चाकण, रांजणगावकडची मंडळी तर आता इकडे येऊ लागली आहेत. रांजणगावच्या कारखान्यात ज्याची भागीदारी आहे त्या स्टेलांटिसचा मोठा मोटार कारखाना इथून जवळ फिगेरुएलासला १९८२ पासून आहे. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आहेत, गोदामं आहेत, डेटा सेंटरं आहेत. आम्हीही त्याच वाटेने आलो. मी मूळची चिंचवडची, आणि आमचं बिऱ्हाड आता देलिसिआसमध्ये आहे.

देलिसिआस ही शहरातली सगळ्यात दाट लोकसंख्येची वस्ती. एक लाखाहून जास्त माणसं राहतात. पन्नास ते सत्तरच्या दशकांत खेड्यांतून शहरात आलेल्या कामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या इमारती, खाली दुकानं, वर घरं. आज त्याच जिन्यांवर आरागोन या इथल्या प्रांतातल्या आजी-आजोबांसोबत रोमानिया, एक्वाडोर, निकाराग्वा, मोरोक्को, सेनेगलची कुटुंबं राहतात. घरं जुनी आहेत, म्हणून भाडं शहराच्या मध्यभागापेक्षा कमी. पण भाडं हे एकच कारण नाही. शाळा, दवाखाना, बाग, ग्रंथालय, भाजीवाला, सगळं पायी अंतरावर आहे. गाडी नसलेल्या आणि भाषा नवीन असलेल्या आईला याची किंमत फार मोठी असते.

आणखी एक गोष्ट ठरवण्याआधीच लक्षात घ्या. बार्सेलोना किंवा वालेन्सियाला गेलात तर मुलांना शाळेत स्पॅनिशसोबत तिथली प्रादेशिक भाषाही शिकावी लागते. सारागोसात शिक्षण मुख्यतः स्पॅनिशमध्ये चालतं. आठ-नऊ वर्षांचं मूल मध्येच शाळा बदलून येणार असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

सगळ्या लेखाचं सार म्हणाल तर कामांचा क्रम. इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर टेकलेला असतो, आणि सगळ्यांच्या बुडाशी तुमचा पत्ता असतो. म्हणून पुढचे टप्पे वाचताना क्रम मोडू नका.

१. भारतातून निघण्याआधी

लागणारी कागदपत्रं:

– मुलांचे जन्मदाखले आणि तुमचा विवाहदाखला, दोन्ही अपोस्टिल केलेले
– त्यांचं शपथबद्ध अनुवादकाकडून झालेलं स्पॅनिश भाषांतर
– मुलांच्या लसीकरणाची यादी, तारखांसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची
– मुलांची गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं
– नोकरीचा करार आणि शक्य असेल तर आधीच्या पगाराच्या पावत्या
– सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या भरपूर छायाप्रती

भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल स्पेनमध्ये थेट चालतो. त्याआधी राज्य पातळीवर पडताळणी होते, तिला वेळ लागतो. आधी अपोस्टिल, मग भाषांतर, हा क्रम पाळा. भाषांतर आधी केलंत तर त्यात अपोस्टिलचा मजकूर येत नाही, आणि खिडकीवरचा माणूस कागद परत करतो. भाषांतरकार स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला हवा. त्याला इथे त्रादुक्तोर हुरादो म्हणतात. पुण्यातल्या कुठल्याही भाषांतर संस्थेचा शिक्का चालत नाही.

आता आपल्याकडचा खास घोटाळा. महाराष्ट्रात बाळाच्या जन्माची नोंद बारशाच्या आधी होते, त्यामुळे कित्येक जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते. तुमच्या मुलाचा दाखला आजच काढून पाहा. नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते घालून घ्या, नवा दाखला घ्या, मगच अपोस्टिलला द्या. स्पेनमध्ये बसून हे काम करणं म्हणजे सासू-सासऱ्यांना हेलपाटे घालायला लावणं.

नावांचं आणखी एक. स्पॅनिश अर्जात नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव अशा तीन जागा असतात. आपण सवयीने मधल्या जागेत वडिलांचं नाव लिहून टाकतो, आणि मग ‘सचिन’ हे मुलाचं आडनाव होऊन बसतं. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या जागेत जे काही आहे, समजा ‘आरव सचिन’, ते सगळं नावाच्या जागेत लिहा. आडनावाच्या जागेत फक्त आडनाव. दुसरं आडनाव रिकामं ठेवा. पहिल्या कागदावर जे लिहिलं जाईल तेच पुढे शाळेत, दवाखान्यात, बँकेत उतरत जातं.

इथे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. त्यामुळे आईचं पासपोर्टवरचं नाव आणि मुलाच्या दाखल्यावरचं तिचं नाव वेगळं दिसलं की प्रश्न येतो. विवाहदाखल्यावर दोन्ही नावं असतील तर तो नेहमी सोबत ठेवा.

२. घर शोधणं

पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत काढावे लागतील. तेवढ्यात घर बघायचं. इदेआलिस्ता आणि फोतोकासा या दोन संकेतस्थळांवर बहुतेक जाहिराती असतात. देलिसिआसमध्ये मात्र दाराला चिकटवलेली ‘से अल्किला’ची, म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’ची, पाटी आणि शेजारच्या दुकानदाराचं तोंडी सांगणं, दोन्ही अजून चालतं. काये देलिसिआस या पायी रस्त्यावरून, मग आवेनिदा माद्रिद, आवेनिदा नावार्रा आणि व्हिया उनिवेर्सितासच्या मधल्या गल्ल्यांतून संध्याकाळी एक फेरी मारा. कुठे मुलं खेळताहेत, कुठे म्हातारी माणसं बाकावर बसली आहेत, हे डोळ्यांनी पाहिलं की वस्ती कळते.

घर बघताना एवढं तपासा.

लिफ्ट. जुन्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी नाही. आणि मजल्यांची मोजणी फसवी असते. तळमजला, त्यावर एन्त्रेसुएलो, त्यावर प्रिन्सिपाल, आणि त्यानंतर ‘पहिला’. जाहिरातीत ‘तिसरा मजला’ लिहिलेलं घर प्रत्यक्षात पाच जिने वर असू शकतं. बाबागाडी घेऊन रोज दोनदा चढायचं आहे, याचा विचार करा.

हीटिंग. सारागोसात सिएर्सो नावाचा वायव्येचा वारा वाहतो. थंडीत तो हाडांत शिरतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरात गॅसचा बॉयलर आहे, इमारतीचं सामाईक हीटिंग आहे, की फक्त विजेचे हीटर आहेत, हे विचारा. नुसत्या विजेवर हिवाळा काढणं महाग पडतं. खिडक्यांना दुहेरी काच आहे का, बाहेरचे गुंडाळी पडदे, म्हणजे पेर्सियाना, नीट खालीवर होतात का, हे स्वतः ओढून बघा. उन्हाळ्यात दुपारभर ते खाली ठेवले तरच घर राहण्याजोगं राहतं.

स्वयंपाकाचा गॅस. काही घरांत पाइप नाही, बोम्बोना आहे. केशरी रंगाचा साडेबारा किलोचा सिलिंडर, आपल्या सिलिंडरसारखाच घरपोच येतो, आणि त्याची कमाल किंमत सरकार दर दोन महिन्यांनी ठरवतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण लिफ्ट नसलेल्या घरात तो वर कोण आणणार, ते विचारून ठेवा.

विजेची मंजूर क्षमता. तिला पोतेन्सिया म्हणतात. जुन्या घरांत ती बरेचदा साडेतीन किलोवॉटच्या आत असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि गिझर एका वेळी लावलेत की सगळं घर अंधारात. वाढवून घेता येते, पण दरमहाचा स्थिर आकारही वाढतो. आम्ही वाढवली नाही, कामांच्या वेळा वाटून घेतल्या.

३. भाडेकरार: इथे सगळ्यात जास्त सावध राहा

घरभाड्याचा कायदा १९९४ चा आहे आणि तो भाडेकरूच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. राहत्या घराच्या करारात तुम्हाला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क असतो, मालक कंपनी असेल तर सात. सहा महिने झाल्यावर ३० दिवसांची सूचना देऊन तुम्ही सोडू शकता. अनामत, म्हणजे फिआन्सा, एका महिन्याच्या भाड्याइतकी. त्यावर जादा हमी म्हणून मालक जास्तीत जास्त आणखी दोन महिन्यांचं भाडं मागू शकतो. म्हणजे पहिलं भाडं धरून चार महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम हाताशी हवी. हे भारतातून निघतानाच जमवून ठेवा, कारण पहिला पगार हातात येईपर्यंत वेळ जातो.

२०२३ च्या घरकुल कायद्यानंतर राहत्या घराच्या करारात एजंटाची दलाली मालकाने द्यायची असते. तरीही काही एजंट ‘सेवाशुल्क’, ‘कागदपत्रांचा खर्च’ अशा नावांनी ती तुमच्याकडून काढू बघतात. आमच्याकडेही एका एजंटाने अशी मागणी केली होती. कायद्याचं नाव घेऊन लेखी पावती मागितली, तेव्हा त्याने ती मागे घेतली. शांतपणे, पण लेखी मागा.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे तेम्पोरादाचा करार. तो हंगामी मुक्कामासाठी असतो, अकरा महिने वगैरे मुदतीचा. त्यावर सही केलीत की पाच वर्षांचा हक्क गेला आणि दलालीचं संरक्षणही गेलं. भारतात अकरा महिन्यांचा करार आपल्या अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही खटकत नाही, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. करारात ‘विविएन्दा आबितुआल’, म्हणजे कायमचं राहतं घर, असे शब्द आहेत याची खात्री करा.

‘इथे पाद्रोन (महापालिकेत पत्त्याची नोंद) करता येणार नाही’ असं मालक म्हणाला, तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. का, ते पुढच्या टप्प्यात येईल. आणि घर प्रत्यक्ष पाहण्याआधी ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका.

नवीन आलेल्याकडे स्पेनमधल्या पगाराच्या पावत्या नसतात, आणि मालक त्याच मागतात. अशा वेळी नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र स्पॅनिशमध्ये घेऊन जा. काही मालक भाडेबुडवी विमा काढतात, त्याची कंपनी तुमची कागदपत्रं तपासते. दोन-तीन नकार येतील, ते मनाला लावून घेऊ नका. आडनाव ऐकूनच फोन ठेवणारेही भेटतात. त्यांच्यामागे वेळ घालवू नका, पुढच्या जाहिरातीकडे वळा.

४. पाद्रोन: पत्त्याची नोंद

एम्पाद्रोनामिएन्तो म्हणजे महापालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालणं. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहे आणि फुकट आहे. ओळखपत्र, शाळेतला प्रवेश, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, बसचं कार्ड, सगळं या नोंदीवर अवलंबून असतं. म्हणूनच वर म्हटलं, की पाद्रोन न देणारं घर घेऊ नका.

आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, तिला सीता प्रेविया म्हणतात. महापालिकेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर ती मिळते. देलिसिआसच्या हुन्ता मुनिसिपालमध्ये, म्हणजे महापालिकेच्या वस्ती कार्यालयात, किंवा व्हिया इस्पानिदादवरच्या सेमिनारिओ या महापालिकेच्या इमारतीत काम होतं. सोबत न्या: सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, भाडेकरार, मुलांचे अपोस्टिल केलेले जन्मदाखले भाषांतरासह. इथली बरीच कुटुंबं लिब्रो दे फामिलिया नावाची नोंदवही दाखवतात (२०२१ पासून ती नव्याने देत नाहीत). आपल्याकडे ती नसते, त्याऐवजी जन्मदाखले चालतात. आई-वडील दोघंही गेलात तर उत्तम. एकटेच गेलात तर मुलांच्या नोंदीसाठी दुसऱ्याची सही लागू शकते.

करार तुमच्या नावावर असेल तर मालकाच्या वेगळ्या संमतीची गरज नसते. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर तिथे आधीपासून नोंद असलेल्या माणसाचं संमतिपत्र लागतं. नुसत्या पत्त्यासाठी पाद्रोन ‘विकणारे’ भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो गैरव्यवहार आहे, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर खोटा पत्ता बसतो.

हातात जो दाखला मिळतो तो वोलान्ते. बहुतेक कार्यालयं तीन महिन्यांपेक्षा जुना वोलान्ते घेत नाहीत. म्हणून एकदम पाच-सहा प्रती काढून ठेवण्यात अर्थ नाही, लागेल तसा नवा काढा.

५. ओळखपत्र आणि डिजिटल चावी

सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलात तर प्रवेशापासून एक महिन्याच्या आत टीआयई, म्हणजे परदेशी नागरिकाचं ओळखपत्र मागायचं असतं. लागतं ते असं: ईएक्स-१७ हा अर्ज, ७९० क्रमांकाचा ०१२ कोडचा शुल्काचा भरणा बँकेत केल्याची पावती, पासपोर्ट आणि व्हिसा, एक छायाचित्र, आणि बहुतेक वेळा ताजा वोलान्ते. राष्ट्रीय पोलिसांच्या परदेशी नागरिक कार्यालयात बोटांचे ठसे देता, आणि कार्ड काही आठवड्यांनी तिथूनच घ्यायचं असतं. मुलांचंही प्रत्येकाचं वेगळं कार्ड, त्यामुळे वेळही प्रत्येकाची वेगळी घ्या. एकाच वेळेत चौघं उभे राहिलात तर तिघांना परत पाठवतील.

या वेळा फुकट असतात, पण लवकर संपतात. पैसे घेऊन वेळ मिळवून देतो म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. सकाळी लवकर, आणि दिवसातून दोन-तीनदा संकेतस्थळ तपासत राहिलं की वेळ मिळते.

कार्ड हातात आलं की लगेच डिजिटल प्रमाणपत्र किंवा क्लावे, म्हणजे सरकारी संकेतस्थळांवर ओळख पटवण्याची सोय, काढा. पुढची निम्मी कामं घरबसल्या होतात. बँकेत खातं उघडल्यावर बिसूम सुरू करून घ्या, मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवण्याची सोय आहे. शाळेच्या सहलीची वर्गणी, वाढदिवसाच्या भेटीचे पैसे, सगळं पालक त्यावरच गोळा करतात.

भारतातला वाहन परवाना इथे बदलून मिळत नाही. रहिवास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर तो चालत नाही, नव्याने परीक्षा द्यावी लागते.

६. दवाखाना

नोकरी करणाऱ्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक तयार झाला की जोडीदार आणि मुलांना लाभार्थी म्हणून जोडायचं. ही पायरी आपोआप होत नाही. सामाजिक सुरक्षेच्या कार्यालयातून तो हक्काचा दाखला घ्या, मग वोलान्ते आणि ओळखपत्रासह तुमच्या भागातल्या सेन्त्रो दे सालुदमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जा. तिथे कुटुंबाचा डॉक्टर, नर्स आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ नेमून मिळतो. व्हिसा खासगी विम्यावर असेल तर मात्र नियम वेगळे, ते आधी तपासा.

पहिल्या भेटीत लसीकरणाची यादी द्या. भारतात घेतलेल्या लसी नर्स नोंदवून घेते आणि इथल्या वेळापत्रकातल्या राहिलेल्या देते. आपल्या डॉक्टरांचं अक्षर आणि लसींची व्यापारी नावं इथे कुणाला लागत नाहीत, म्हणून टंकलिखित यादी आणा.

भेटीच्या वेळा सालुद इन्फोर्मा या ॲपवर मिळतात. किरकोळ तापासाठी आधी सेन्त्रो दे सालुद. रात्री-अपरात्री गंभीर काही झालं तर ११२. देलिसिआसच्या कडेलाच क्लिनिको, म्हणजे लोसानो ब्लेसा विद्यापीठ रुग्णालय आहे. मुलांचं खास रुग्णालय मात्र मिगेल सेर्वेतच्या आवारात, शहराच्या दुसऱ्या भागात. दुभाषी मिळेलच असं नाही. मुलाची दुखणी, ॲलर्जी, नेहमीची औषधं स्पॅनिशमध्ये एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

७. शाळा

इथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, जानेवारी ते डिसेंबर. ३१ डिसेंबरला जन्मलेलं आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला जन्मलेलं मूल वेगवेगळ्या वर्गांत बसतात. तुमचं मूल भारतात कितवीत होतं याला प्राथमिक शाळेत फारसं महत्त्व नाही, वय बघतात. तीन ते सहा वर्षांचा इन्फान्तिल टप्पा फुकट आहे, सक्तीचा नाही. जवळजवळ सगळी मुलं जातात, तुम्हीही घाला, भाषा तिथेच येते. सहा ते सोळा सक्तीचं. सोळानंतर बाचियेरातोला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याला, जायचं असेल तर भारतातल्या दहावीची समकक्षता काढावी लागते, आणि त्याला महिने लागतात. मोठं मूल असेल तर हा अर्ज आल्या आल्या टाका.

शाळा तीन प्रकारच्या: सरकारी, सरकारी अनुदानावरच्या कोन्सेर्तादो, आणि खासगी. कोन्सेर्तादो शाळा बऱ्याचदा चर्चसंस्थांच्या असतात आणि ‘ऐच्छिक’ म्हणून दरमहा वर्गणी मागतात. ती खरोखरच ऐच्छिक आहे, हे माहीत असू द्या. आम्ही सरकारी शाळा निवडली आणि मला ती मनापासून आवडते. बाहेरून आलेल्या मुलांची शिक्षकांना सवय आहे, पहिल्या दिवशी माझ्या मुलीच्या शेजारी त्यांनी मुद्दाम बोलकी मुलगी बसवली होती.

प्रवेशाचे अर्ज पुढच्या सप्टेंबरसाठी वसंतात भरतात. भावंड त्याच शाळेत आहे का, घर किंवा नोकरीचं ठिकाण जवळ आहे का, उत्पन्न किती, यावर गुण मिळतात. जवळच्या पत्त्याचे गुण पाद्रोनवरून. वर्षाच्या मध्ये आलात तर थेट शाळेत जाऊन भागत नाही, आरागोन सरकारच्या शिक्षण विभागाच्या सारागोसा कार्यालयात मुदतीबाहेरचा अर्ज द्यायचा, ते जागा असलेली शाळा देतात. ती घराशेजारचीच असेल असं नाही. नऊ वाजता दोन भावंडांना दोन शाळांत सोडायची वेळ येऊ नये म्हणून अर्जात भावंडांचा उल्लेख ठळक करा.

बऱ्याच शाळा सकाळी ९ ते दुपारी २ चालतात. त्यानंतर जेवण, ते हवं असेल तर वेगळे पैसे. शाळेच्या भोजनगृहाला कोमेदोर म्हणतात. शाकाहारी घरांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारावं. डुकराचं मांस नको, हे सगळीकडे समजतं. पूर्ण शाकाहारी ताट प्रत्येक शाळेत मिळेल असं नाही, आणि हॅमचे तुकडे घातलेल्या वाटाण्याच्या भाजीला कुणी ‘मांसाहारी’ म्हणत नाही. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. सकाळी लवकर मुलं सोडण्याची सोय आणि दुपारनंतरचे वर्ग बहुधा पालकसंघ चालवतो. त्याला आम्पा म्हणतात. वर्गणी थोडी असते, नक्की भरा. तिथल्याच आया पुढे तुमच्या अडीनडीला धावून येतात.

सकाळच्या मधल्या सुट्टीचा डबाही ठरलेला असतो: एका दिवशी फळ, एका दिवशी सँडविच, असं पत्रक येतं. पोहे-उपमा देऊ नका असं कुणी म्हणत नाही, पण वीस मिनिटांत मैदानात उभ्या-उभ्या खायचं असतं, चमच्याला वेळ नसतो. थालीपीठाची गुंडाळी छान चालते.

८. रोजचं घर

दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक सगळं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड बघून ठेवा. मेर्कादोना, लिदल, दीआ ही रोजची सुपरमार्केटं. तूरडाळ, पोहे, आटा, हिंग यांसाठी वस्तीतली पाकिस्तानी आणि बांगलादेशी दुकानं. कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या लॅटिन अमेरिकी दुकानांत ताज्या मिळतात. बेसन मोठ्या सुपरमार्केटात हरभऱ्याचं पीठ म्हणून असतं. कढीपत्ता दुर्मीळ, येताना वाळवून आणा.

भाजीवाल्याकडे बोर्राहा दिसेल, घ्या. ही आरागोनची खास भाजी. जाड, लुसलुशीत देठ, त्यावर बारीक पांढरी लव. देठ थंड पाण्यात धरून ती लव चाकूच्या पाठीने खरवडून काढायची, बोटभर तुकडे करायचे, थोडे उकडून घ्यायचे. मग लसणाची फोडणी, ओली मिरची, दाण्याचं कूट. आमच्याकडे भाकरीबरोबर ही भाजी सगळा हिवाळा होते. इथली माणसं बटाट्याबरोबर उकडून वरून ऑलिव्हचं तेल घालतात.

रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळायची असते. मिक्सर, कुकर, मुलांच्या उड्या त्याआधी. कपडे मधल्या चौकात दोरीवर वाळत घालतात, ओले कपडे खालच्या मजल्याच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकू देऊ नका. भांडणाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते. जिन्यात, लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘ओला’ म्हणायचंच. न बोलता पुढे जाणं इथे उद्धटपणा समजला जातो.

पाद्रोन झालं की महापालिकेचं नागरिक कार्ड, तार्हेता सिउदादाना, काढा. बस, ट्राम, महापालिकेचे तलाव, ग्रंथालय, सगळीकडे चालतं. ट्राम देलिसिआसमधून जात नाही, इथे बसच. रेल्वेस्थानक मात्र वस्तीच्या कडेला आहे आणि माद्रिदला वेगवान गाडीने सव्वा ते दीड तासात पोहोचता. भारतीय दूतावासही तिथेच.

आईने घरात कोंडून घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते. महापालिकेचं कासा दे लास कुल्तुरास आणि प्रौढ शिक्षणाची सरकारी केंद्रं फुकट किंवा अगदी थोडक्यात स्पॅनिश शिकवतात. नावनोंदणी सप्टेंबरात, जागा भरतात. पार्के देलिसिआसमध्ये संध्याकाळी सहानंतर गेलात की अर्धी शाळा तिथे असते. बाकावर बसलेल्या आज्या तुमच्या मुलाचं वय विचारतील, त्याला जास्त कपडे घातले नाहीत म्हणून रागावतील. त्यांच्याशी मोडकंतोडकं बोला. वर्गापेक्षा तिथे लवकर भाषा येते.

स्थानिक सुट्ट्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, कारण त्या दिवशी शाळा नाही आणि ऑफिसातल्या परगावच्या सहकाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो: २९ जानेवारीला सान वालेरो, ५ मार्चला सिन्कोमार्सादा, २३ एप्रिलला सान होर्हे, आणि १२ ऑक्टोबरच्या आसपास पिलारचा आठवडाभराचा उत्सव. पिलारच्या फुलांच्या मिरवणुकीत माणसं पारंपरिक वेषात बासिलिकाच्या चौकात जाऊन पिलार मातेला फुलं वाहतात. परदेशी संस्थाही आपापल्या वेषात सामील होतात.

९. मुदती

बिगर-युरोपीय नागरिकांना, कायमचा रहिवास मिळेपर्यंत, पाद्रोनची नोंद दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. महापालिकेचं पत्र येईलच असं धरू नका. नोंद रद्द झाली तर मधल्या काळाचा रहिवास सिद्ध करणं अवघड जातं, आणि तो काळ पुढे दीर्घ मुदतीच्या परवान्याला लागतो. ओळखपत्राचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या दोन महिने आधीपासून करता येतं. घर बदललं तर आधी पाद्रोन बदला, त्यानंतर दवाखाना, शाळा, बँक आणि पोलिसांकडचा पत्ता, याच क्रमाने.